दुसऱ्या हाकेचा माणूस

आमच्या हॅम्बर्गच्या घरमालकांना कुणी नावानं हाक मारली, तर ते पहिल्या हाकेला कधीही ओ देत नसत. कानांचा काही दोष नव्हता. वरच्या मजल्यावर माझ्या हातून चमचा पडला तरी खाली त्यांना ऐकू जायचं, आणि संध्याकाळी जिन्यात भेटले की काय पडलं म्हणून विचारायचे. पण स्वतःचं नाव कानावर आलं की जागच्या जागी थिजायचे. नजर जमिनीकडे, ओठ घट्ट मिटलेले. दुसरी हाक आली की श्वास सोडून मान वर करायचे आणि अगदी सभ्यपणे म्हणायचे, ‘या, बिटे?’, म्हणजे हो, बोला.

एकदा त्यांच्या डोळ्यांत औषध घालणार होते, परतताना सोबत हवी होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. आतून बाई आली, तिनं यांचं नाव पुकारलं. हे ढिम्म. मी कोपरानं ढोसलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि नको नको अशी मान हलवली. बाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि दुसऱ्याच कुणाला आत घेतलं. जर्मनीत डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मिळवायला किती नाकदुऱ्या काढाव्या लागतात, ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. मी जाम चिडले.

‘अहो, तुम्हालाच बोलावत होती ना ती?’

‘असेल,’ ते म्हणाले. ‘पण एकदाच बोलावलं. माणसाला काम असेल तर माणूस परत हाक मारतो. न्यायला आलेले एकदाच मारतात. त्यांना ओ दिली की संपलं.’

भर सकाळी, त्या पांढऱ्याशुभ्र दवाखान्यात, माझ्या अंगावर काटा आला. कारण माझी दापोलीची मावशी हेच सांगायची. तिन्हीसांजेला दारातून हाक आली तर लगेच ओ देऊ नकोस गं, आधी कोण आहे ते बघ. मावशीला मी हसायचे. मी शिकलेली, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणारी बाई. तरी पुढचा आठवडाभर ऑफिसात कुणी मागून हाक मारली की मी क्षणभर गप्प राहत होते.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांना ते खपलं नसतं. मी आणि माझा नवरा आपसांत त्यांना ‘मालक’ म्हणायचो. आता आम्ही दुसऱ्या शहरात, त्सुफेनहाउझेनला राहतो, इथला मालक नुसता ईमेल पाठवतो, त्याची भीती वाटत नाही. त्या मालकांची मात्र मला भीती वाटायची. माणूस देवासारखा, कधी आवाज चढवला नाही, कधी भाडं वाढवलं नाही. पण ते जे बोलायचे ते डोक्यात घर करून बसायचं, आणि मग काही केल्या निघायचं नाही.

मूळचे ते चीनच्या शान्डोंग प्रांतातल्या एका खेड्यातले. जहाजबांधणी शिकून तरुणपणी हॅम्बर्गच्या एका गोदीत आले आणि जन्मभर तिथं जहाजांचे आराखडे काढले. लग्न इथल्याच बाईशी केलं. ती आम्ही येण्याआधीच वारली होती. मूलबाळ नव्हतं. हॅम्बर्गच्याच हारबुर्ग भागातलं विटांचं अरुंद घर, खाली ते आणि वर आम्ही.

घर पाहायला गेलो तेव्हा मी पगाराच्या पावत्यांपासून जुन्या मालकाच्या शिफारशीपर्यंत सगळं फाईलला लावून नेलं होतं. त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. आमच्या नावांचे अर्थ विचारले. माझा नवरा नीरज, म्हणजे पाण्यात जन्मलेला. त्यावर त्यांचा चेहरा खुलला, गोदीतल्या माणसाला पाणी आवडणारच. माझ्या नावाचा अर्थ ज्योत. तो ऐकून त्यांनी मान हलवली आणि नीरजला म्हणाले, ‘आग जास्त आहे.’ नीरज ‘गेनाऊ, गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हणत इतक्या उत्साहानं हसला की घरी जाईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. घर मात्र मिळालं.

नावांचा विषय निघाला की मालकांना काळवेळाचं भान राहायचं नाही. ‘आल्झो,’ म्हणजे तर मग, अशी सुरुवात करून ते तीन बोटं पुढे करायचे. पहिलं बोट घराण्याचं. आडनाव आधी, माणूस नंतर. दुसरं बोट पिढीचं. त्यांच्या कुणा पूर्वजानं एक कविता रचून ठेवली होती आणि प्रत्येक पिढीनं तिच्यातलं पुढचं एक अक्षर घ्यायचं, असा नेम होता. सख्खे-चुलत सगळे भाऊ त्याच एका अक्षराचे. अनोळखी माणूस बाजारात भेटला तरी नावावरून कळायचं की हा आपला काका लागतो की पुतण्या, आणि आधी कुणी वाकायचं. तिसरं बोट तेवढं माणसाचं स्वतःचं, आणि तेही सुखासुखी मिळत नसे. जन्माची वेळ बघायची. पाणी, लाकूड, अग्नी, माती, धातू यांतलं त्या वेळेत काय कमी पडलंय ते काढायचं आणि जे कमी तेच नावातून भरायचं. अक्षर किती फटकाऱ्यांत लिहितात ते मोजायचं. आणि काही झालं तरी घरातल्या वडीलधाऱ्याच्या नावातलं अक्षर घ्यायचं नाही.

‘आमच्यात तर आजोबांचंच नाव नातवाला ठेवतात,’ मी म्हटलं.

त्यांना धक्काच बसला. ‘मग त्याला रागावता कसं?’

‘त्याला घरात बाळ्या नाहीतर बंड्या म्हणतात. रागवायचं ते बंड्याला.’

हे त्यांना इतकं पटलं की त्यांनी मला आतून संत्रं आणून दिलं.

त्यांच्या स्वतःच्या नावाची इथं आल्याआल्याच उलटापालट झाली होती. कुठल्याशा कचेरीत आडनावाच्या जागी नाव आणि नावाच्या जागी आडनाव पडलं, दाराच्या घंटीवरही तसंच लागलं. त्यांनी ते कधी दुरुस्त करून घेतलं नाही. ‘चांगलं झालं,’ म्हणायचे, ‘शोधणारा चुकीच्या माणसाला शोधेल.’ बायको जन्मभर लाडानं शात्स, म्हणजे सोन्या, म्हणायची. ‘त्या नावाखाली मी अगदी सुरक्षित होतो. या देशात शात्स फार आहेत.’ हे सांगताना ते हसायचे, मीही हसायचे, आणि मग ते हसता हसता दाराला आतून कडी लावलीय ना ते बघून यायचे.

गोदीतली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. जहाज गोदीत बांधलं जात असतं तोवर तिथं त्याला नुसता नंबर असतो. नाव ठरलेलं असलं तरी कामगार नंबरच बोलतात. नाव ठेवण्याचा समारंभ पाण्यात सोडतानाच. ‘नंबराला वादळ ओळखत नाही,’ म्हणायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा छंद आहे, आपलं काय जातंय.

मग मला दिवस गेले. पहिल्यांदाच. आम्ही दोघं हुरळून गेलो होतो. मुलगा की मुलगी ते कळायच्या आधीच दोन नावं ठरवली, आणि कळल्यावर नीरज माझ्या पोटाला तोंड लावून त्यातल्या एका नावानं हाका मारायचा. पाचव्या महिन्यात ते बाळ गेलं. दवाखान्यातून घरी आले त्या संध्याकाळी मालक जिना चढून वर आले. हातात सुपाचं भांडं होतं. भांडं माझ्या हातात दिलं आणि खाली बघत त्यांनी विचारलं, ‘नाव मोठ्यानं घेतलं होतं का?’

मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. असला राग मला आयुष्यात आला नव्हता. महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही, जिन्यात दिसले तर चपलांचा आवाज करत निघून जायचे. पण प्रश्न काही दाराबाहेर राहिला नाही. तो आत आला होता. भांडी घासताना, बसमध्ये, मीटिंगमध्ये मला नीरजचा आवाज ऐकू यायचा, पोटाशी तोंड नेऊन मारलेली ती हाक, आणि वाटायचं, ही दुसऱ्या कुणी ऐकली असेल का?

म्हणून दुसऱ्या खेपेला मी नाव काढलंच नाही. नीरजनं विषय काढला तर उठून जायचे. मनात एक नाव होतं. ते मी नीरजलाही सांगितलं नाही, डोक्यातसुद्धा पुरतं उच्चारलं नाही. मालक आता पोटाकडे बघतही नसत. जिन्यात भेटले की हवेबद्दल बोलायचे. पण त्यांच्या दारावर त्यांनी एक लाल कागद चिकटवला होता, आणि तो बाहेरचं काही घरात शिरू नये म्हणून होता, ते मला न सांगता कळलं.

मुलगी झाली ती दिवस भरायच्या खूप आधी, ऐन थंडीत. तळहातावर मावेल एवढी. काचेच्या पेटीत नळ्यांमध्ये ठेवलेली, कातडी इतकी पातळ की आतलं सगळं दिसेल असं वाटायचं. नर्सनं मला एक रंगीत कार्ड दिलं, वर देवमाशाचं चित्र. ‘इथं तिचं नाव लिहा, पेटीला लावू.’ मी पेन हातात घेतलं आणि माझा हात हलेना. उद्या लिहिते म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हटलं. शेवटी तिनंच लिहिलं, ‘मेडशन जगताप’, म्हणजे जगतापांची मुलगी. ‘कचेरीत नाव कळवावं लागेल हं,’ ती जाता जाता म्हणाली. नीरजनं एक-दोनदा विचारलं, मग माझा चेहरा पाहून विषय सोडून दिला.

मालकांना मात्र हे ऐकून बरं वाटलं. ‘बरोबर आहे. ती अजून गोदीत आहे. खरं नाव बाहेर काढू नका. पण लहानपणापुरतं काहीतरी दूधनाव हवं. वाईट. ऐकून कुणी वळूनही बघणार नाही असं.’ आणि मग त्यांनी त्यांचं स्वतःचं दूधनाव सांगितलं. ‘कुत्र्यानं खाऊन उरलेला.’ त्यांच्या गावात आवडत्या मुलांना अशीच नावं ठेवायचे. ज्याला कुत्र्यानंही टाकलं त्याला भुतं कशाला नेतील?

मला हे नवीन नव्हतं. मूल जगत नसेल तर आमच्याकडे पुढच्याला दगडू म्हणतात, धोंडू म्हणतात, केरात लोळवून केरू म्हणतात. हे सांगितल्यावर त्यांचे डोळे चमकले. ‘गेनाऊ! आणि मुलीला? कुणालाच नको असलेली, असं काय म्हणाल?’

‘नकोशी,’ मी म्हटलं.

तोंडातून गेलं आणि मलाच कसंतरी झालं. कारण हे नाव आमच्याकडे मुलीला जपायला ठेवत नाहीत. मुलीवर मुली झाल्या की वैतागून ठेवतात, आता पुरे, पुढचा मुलगा दे, म्हणून. अशा पोरींबद्दल मी पेपरात वाचलं होतं आणि दात-ओठ खाल्ले होते. पण मालकांना काय माहीत? त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. ‘ना-को-शी. छान आहे. जिभेला अडत नाही.’ तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दवाखान्यातून आले की ते जिन्याशी उभे असायचे. ‘नाकोशी कशी आहे?’ आणि त्याच आठवड्यात तिचं वजन वाढायला लागलं. मग माझी त्यांना थांबवायची हिंमतच होईना. आमच्या धंद्यात नेम आहे, चालतंय ना, मग हात लावू नको. पुढे पुढे मीच काचेला तोंड लावून हळूच म्हणायला लागले, ‘नकोशी आहे गं ही, कुणाला नकोय.’ म्हणताना लाज वाटायची, आणि नाही म्हटलं तर भीती.

तेवढ्यात सासूबाईंचा व्हिसा झाला आणि त्या आल्या. सासूबाई म्हणजे मंगलताई जगताप, साताऱ्याकडच्या. कमी बोलणाऱ्या, कामाला वाघ. विमानतळावरून नीरज त्यांना घेऊन आला. मी जिन्यात खाली उतरत होते, मालक दारात उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, फक्त त्या दिवशी घाईत एकच शब्द बोलले.

‘नाकोशी?’

‘ओ!’ सासूबाई म्हणाल्या.

हातातली पिशवी तशीच धरून, शाळेत हजेरी द्यावी तशी त्यांनी ओ दिली होती. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि चेहरा पांढराफटक पडला. तिकडे मालकांनी दाराची चौकट धरली होती, कारण त्यांच्या देखत एका बाईनं पहिल्याच हाकेला ओ दिली होती. एकमेकांना कधी न पाहिलेली ती दोन म्हातारी माणसं एकमेकांना घाबरून उभी होती, आणि मधे मी.

‘आगं,’ सासूबाई मला म्हणाल्या, ‘माझं नाव यांना कुणी सांगितलं?’

नीरजलाही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. आम्ही सगळे मालकांच्या स्वयंपाकघरात बसलो, त्यांनी चहा ठेवला, पोरीला आम्ही काय म्हणतो आणि का ते मी सांगितलं, आणि मग सासूबाई हळूहळू बोलल्या. मी जर्मनमध्ये सांगत गेले.

‘माझ्या आधी तिघी. चौथी मी. आत्यानं पाळण्यात नावच ठेवलं न्हाई. कुणीतरी नकोशी म्हणालं, तेच शाळेत लागलं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात ‘मंगल’ लिहिलं, तवा सुटले बघ त्यातनं. आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली न्हाई. आणि आज इतक्या लांब, विमानातनं उतरून आले, तर ह्या परक्या माणसानं...’

‘आणि पुढे मुलगा झाला?’ मालकांनी विचारलं.

‘झाला की. माझ्या पाठचा. त्याचं नाव राजेंद्र.’

मी राजेंद्रचा अर्थ सांगितला, राजांचा राजा. मालक हसले नाहीत. चहाच्या पेल्याभोवती हात धरून बसून राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या दिवसांत कधी सांगितलं नव्हतं.

‘मला एक बहीण होती. मोठी. तिचं नाव जाओदी. जाओ म्हणजे बोलव. दी म्हणजे धाकटा भाऊ. पिढीचं अक्षर मुलींना देत नसत. तिच्या नावात तिचं काहीच नव्हतं. तिला हाक मारली की ती मलाच मारलेली असायची, माझ्या जन्माच्या आधीपासून. मी आलो. मला जपायला वाईट नाव ठेवलं. तिनं मला पाठीवर घेऊन वाढवलं.’

सासूबाईंनी मला विचारलं, ‘काय नाव म्हणाले? जाऊ दे?’

‘जाओदी, आई.’

‘तेच.’

मालक पुढे सांगत होते. बहीण तापानं आजारी पडली. त्यांच्याकडे समजूत अशी की आजारात मुलाचा जीव वाट चुकून बाहेर जातो. मग घरच्यांनी उंबऱ्यात उभं राहून नावानं हाका मारायच्या, म्हणजे तो परत येतो. आई तिचा अंगरखा हातात धरून दारात उभी राहिली आणि हाका मारू लागली, जाओदी, जाओदी, घरी ये.

‘मी चार वर्षांचा होतो. मला वाटलं, भावाला बोलावतायत. मी अंगणातून धावत गेलो. आलो, आलो, म्हणत. आईनं मला उचलून घेतलं.’ ते थांबले. ‘बहीण सकाळी गेली. हाक तिची होती. ओ मी दिली. परत यायची जागा मी घेतली. तेव्हापासून पहिली हाक माझी आहे असं मी धरत नाही.’

नीरज खिडकीबाहेर बघत होता. मी कसंबसं भाषांतर केलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘जाऊ दे, जाऊ दे म्हणून हाका मारल्यावर पोर ऱ्हाईल कशाला?’ हे मी मालकांना सांगितलं नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘आणि तू. पोरीचं नाव ठेव. आजच्या आज.’

‘आई, आधी घरी येऊ दे तिला.’

‘भ्यायचं तुम्ही, आणि नाव वागवायचं तिनं?’

मालकांना शब्द कळले नाहीत पण रोख कळला. ‘नाइन, नाइन,’ ते उठून उभे राहिले, हात जोडल्यासारखे केले. ‘अजून नाही. तिला सांगा, अजून नाही.’ आणि मी, सासूबाईंचं सगळं पटत असूनही, मालकांच्या बाजूला गेले. भीती खरी कुणाची हे मला आता सांगता येणार नाही. मी म्हटलं, ‘आई, दिवस चांगले चाललेत. मी काही बदलणार नाही.’

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेले. इथं लहानग्यांना पेटीतून काढून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, तशी ती माझ्या छातीवर होती. वरून शाल. सासूबाई खुर्चीच्या मागे उभ्या. मला तिचा श्वास कातडीवर कळत होता, आणि मग कळेनासा झाला. आधी मला वाटलं, गाढ झोपली. तेवढ्यात यंत्र ओरडायला लागलं. नर्स धावत आली, शाल बाजूला केली. तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, ओठ निळे.

अशी मुलं कधी कधी श्वास घ्यायलाच विसरतात, हे मला आधी सांगितलं होतं. सांगणं वेगळं. नर्स तिच्या पाठीवर बोटं चोळत होती, तळव्यावर टिचक्या मारत होती आणि मला म्हणाली, ‘बोला तिच्याशी! तुमचा आवाज ती ओळखते. हाक मारा तिला!’

मी तोंड उघडलं. तोंडात एकच शब्द होता, इतके दिवस तोच म्हणत आले होते. ‘नको...’ एवढंच बाहेर आलं. पुढचं अक्षर येईना. माझ्या छातीवर माझी मुलगी मरत होती आणि मी तिला नको म्हणत होते. दुसरं नाव होतं, पण ते कुठंतरी इतकं खोल लपवलं होतं की सापडत नव्हतं. आणि सापडलं तर? मी हाक मारली आणि भलत्यानंच ऐकली तर?

सासूबाईंचा हात माझ्या खांद्यावर आला. जोरात दाबला. ‘ती कोण आहे ते सांग तिला,’ त्या म्हणाल्या. ‘तिला कसं कळायचं कुणाला बोलावतेस ते?’

‘जुई,’ मी म्हटलं.

मग मी ओरडले. त्या शांत खोलीत, जिथं सगळे कुजबुजतात, मी शेतातून हाक मारावी तशी ओरडले, ‘जुई! जुई गं! जुई!’ पलीकडच्या खुर्चीतली आई दचकून वळली. नर्सनं पुन्हा तळव्यावर टिचकी मारली. मी पुन्हा हाक मारली. आणि माझ्या गळ्याखाली काहीतरी हललं. एक बारीक, चिडका, मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला. मग श्वास. मग दुसरा. पडद्यावरचा आकडा हळूहळू चढायला लागला आणि यंत्र गप्प झालं.

नर्सनं घाम पुसला, नवं कार्ड आणलं आणि नाव कसं लिहायचं ते विचारलं. मी सांगितलं. तिनं लिहून जर्मन पद्धतीनं वाचलं, ‘युई.’ मी म्हटलं, ‘युई नाही, जुई.’ कार्ड घ्यायलासुद्धा मी जुईच्या पाठीवरचा हात काढला नाही. सासूबाई कोपऱ्यातल्या नळाशी पाठमोऱ्या उभ्या राहून कितीतरी वेळ हात धूत होत्या.

आम्ही घरी आलो तेव्हा मालक जिन्याशी होते. त्यांनी आधी सासूबाईंचे सुजलेले डोळे पाहिले, मग माझे. कठड्याला धरून उभे राहिले. मी सांगितलं. श्वास थांबला होता. निळी पडली होती. मी तिला खऱ्या नावानं हाक मारली, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत.

त्यांनी डोळे मिटले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, ‘ओ कुणी दिली?’

‘तिनं.’

‘तिथं दुसरी मुलं असतील. दुसऱ्या कुणी नाही ना दिली?’

‘नाही. तिनंच दिली. मी ऐकली.’

माझ्यावर त्यांचा विश्वास बसेना. ते सासूबाईंकडे वळले आणि जर्मनमध्येच त्यांना तेच पुन्हा विचारलं, त्यांना जर्मनचं एक अक्षर येत नाही हे विसरून. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, ‘तिची तिनंच दिली, भाऊ.’

‘भाऊ म्हणजे काय?’ मालकांनी मला विचारलं.

‘दी,’ मी त्यांच्या भाषेत म्हटलं.

ते पायरीवर खाली बसले आणि तोंडावर हात धरून लहान मुलासारखे मोठ्यानं रडू लागले. सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या, पदर सावरला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.